हंड्याचं पाणी

१

पंपघराचं दार उडून सायकलींच्या शेडवर जाऊन पडलं होतं. दाराच्या जागी एक काळं भगदाड उरलं होतं आणि त्याच्या आत फिटर पडला होता. माणसं धावत पोचली तोवर तो गेलेला होता.

साफसफाईसाठी बंद ठेवलेला कारखाना त्या दुपारी पुन्हा सुरू होत होता. सांडपाणी कुजवून त्यातून जळणारा वायू काढायचा, हे तिथलं काम. बराचसा वायू बॉयलरला जाई. उरलेला एका उंच नळीच्या तोंडाशी जाळून टाकत. त्या नळीला सगळे मशाल म्हणत.

आता एक गोष्ट आधी नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. नळीच्या टोकाला जाळ असला आणि नळीत वायूबरोबर हवाही शिरलेली असली, तर जाळ टोकाशी थांबत नाही. तो नळीतून उलटा आत धावतो. त्याला अडवायला मशाल आणि पंपघर यांच्यामध्ये लोखंडी हंडा बसवलेला असतो. हंड्यात पाणी. वायूची नळी त्या पाण्यात बुडलेली. वायू बुडबुडे होऊन पाण्यातून वर येतो आणि पुढे मशालीकडे जातो. प्रत्येक बुडबुडा सुटा, त्याच्याभोवती पाणी. एका बुडबुड्यातल्या जाळाला दुसऱ्या बुडबुड्यापर्यंत जायला वाटच नसते. दार नाही, कडी नाही, तरी त्या पाण्यापाशी आग थांबते.

त्या दुपारी ती थांबली नाही. साफसफाईत नळ्यांमध्ये हवा शिरलेली होतीच; मशालीपासून उलटी आलेली आग हंडा ओलांडून थेट पंपघरात शिरली.

हंडा उघडून पाहिला तेव्हा आत पाणी नव्हतं.

२

तपासाला ज्या बाई आल्या, त्या पूर्वी शाळेत विज्ञान शिकवत. केस पांढरे झाले होते, पण खिशात खडू ठेवायची सवय गेली नव्हती. दिसेल त्या भिंतीवर त्या आकृती काढत आणि समोरच्याला म्हणत, "मला काहीच कळत नाही असं धरा आणि पहिल्यापासून सांगा."

गेटातून आत शिरताच माळी ओरडला, "बाई, कडेकडेनं या! आळ्यांत आत्ताच पाणी सोडलंय, पाय रुतेल."

मॅनेजर त्यांना केबिनमध्ये घेऊन गेला. टेबलावर अहवालाचा कोरा कागद तयार होता.

"उघड आहे सगळं," तो म्हणाला. "हंडा भरायचं काम पाणक्याचं. तो त्याच कामाला असतो म्हणून सगळे त्याला पाणक्या म्हणतात. त्यानं पाणी भरलंच नाही. आणि गेला कोण, तर त्याच्याच बहिणीचा नवरा. नशीब बघा एकेकाचं."

"फिटर इथे जुना होता?"

"कारखान्यात जुना. पण या विभागात नवाच. बॉयलरकडून आम्ही त्याला इकडे आणला. माणसं कमी पडत होती." मॅनेजरनं कागद पुढे सरकवला. "एक ओळ पुरे होईल, बाई. कामगाराची हलगर्जी. पुढचं पोलीस बघतील. पाणक्यानं नोकरीवर पाणी सोडल्यातच जमा आहे, आता तुरुंगही चुकत नाही."

"एका ओळीत बसेल असं असतं तर मला बोलावलं कशाला असतं?" बाई म्हणाल्या. "हंडा दाखवा."

हंडा माणसाच्या खांद्याएवढा उंच होता. बाजूला पातळी दाखवणारी उभी काच, ती तडकलेली. तळाला पाणी बाहेर जायची एक नळी आणि तिच्यावर पितळी कॉक, म्हणजे तोटी. कॉकचा दांडा नळीला आडवा होता, म्हणजे बंद. सगळ्यावर काजळीचा थर बसला होता.

"पाणी होतंच, पण वायू फार जोरात सोडला, असं नाही का झालं?" बाईंनी विचारलं. "बुडबुड्यांचा सलग दोर झाला तर आग पाण्यातूनही जाते. सुरू करायची घाई होती ना?"

मॅनेजरचा चेहरा उतरला. "घाई होती. पण तेवढी नाही."

बाईंनी मशालीकडे जाणारी नळी उघडायला लावली आणि आत बोट फिरवलं. बोट कोरडं आणि काळं निघालं, बस्स. "नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या. "एवढा जोर असता तर पाणी उडून इथपर्यंत आलं असतं. त्या पाण्यात रंग घालता ना तुम्ही?"

"जांभळी पूड. काचेत पातळी लांबून दिसावी म्हणून."

"नळीत जांभळं काही नाही." मग त्या वाकल्या. हंड्याच्या तळाशी एक उथळ गटार होतं. त्याच्या कडेला, सुकलेल्या चिखलावर, दाट जांभळा पट्टा उमटला होता.

बाईंनी उकिडवं बसून हिशेब मांडला. हंडा भरलेला होता. भरलेलं पाणी तळातून वाहून गेलं होतं. आणि तळाचा कॉक तर बंद होता.

३

सुपरवायझरला सगळा विभाग तात्या म्हणे. स्फोट झाल्यापासून त्याला बोलताना धाप लागत होती.

"मी वर, नियंत्रण खोलीत होतो. मशाल पेटवायच्या आधी हंड्यापाशी फोन केला. तिथे भिंतीवर फोन आहे. विचारलं, हंड्याचं पाणी सोडलं का? तो म्हणाला, नाही अजून. मी म्हटलं, अरे मग सोड की, सगळे खोळंबलेत. थोड्या वेळानं त्यानंच फोन केला. म्हणाला, सोडलं, साहेब. म्हणून मी मशाल पेटवायला सांगितली." तात्यानं डोळे पुसले. "खोटं बोलला माझ्याशी. सख्खा मेहुणा तिथे उभा असताना!"

"कोण बोललं फोनवर?"

"पाणक्या. दुसरं कोण असणार? हंडा त्याचा."

"आवाज ओळखलात?"

"पंप सुरू होते, बाई. त्या गोंगाटात स्वतःचा आवाज ओळखू येत नाही."

मग पाणक्या आला. खांदे पडलेला, दाढी वाढलेला. दारातच थबकून म्हणाला, "तात्या, मी नंतर येऊ का?" तात्यानं त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, उठून निघून गेला.

बाईंनी त्याला खुर्ची दिली. त्याच्या डाव्या हाताची बोटं नखांपर्यंत जांभळी होती. उजव्या तळव्याला पट्टी होती.

"पहिल्या दिवशी तुम्ही पोलिसांना सांगितलंत, हंडा भरला होता. दुसऱ्या दिवशी म्हणालात, भरायचा राहिला. खरं काय?"

"दुसऱ्या दिवसाचं खरं. मी भरलाच नाही."

"मग बोटं जांभळी कशी?"

त्यानं हात मांडीखाली सरकवला. "पूड कालवली होती. ओतायची राहिली."

"आणि फोन?"

"मीच घेतला. मीच सांगितलं सोडलं म्हणून."

"का?"

"आळस, बाई." हे त्यानं पाठ केल्यासारखं म्हटलं. "लिहून टाका. मी सही करतो."

इतक्या वर्षांत वर्गात बाईंनी गुन्हा नाकारणारी पुष्कळ मुलं पाहिली होती. न केलेला गुन्हा कबूल करणारीही एकदोन पाहिली होती. ती नेहमी अशीच बोलत, घाईनं आणि खाली बघून.

"हात कशानं भाजला?"

"दाजींना बाहेर काढायला गेलो. पंपघराचं दार उघडताना. तापलं होतं."

बाईंनी मान हलवली आणि त्याला जायला सांगितलं. मग खिडकीतून त्या सायकलींच्या शेडकडे बघत राहिल्या. शेडच्या पत्र्यावर पंपघराचं दार अजून तसंच आडवं पडलेलं होतं. जे दार जागेवर नव्हतंच, ते त्यानं उघडलं कसं?

४

फिटरच्या घराचा जिना अरुंद होता. वरून धो धो पाण्याचा आवाज येत होता.

"थांबा, पाय भिजतील," फिटरची बायको आतून म्हणाली. "टाकीचं पाणी सोडलंय. घासायला काढलीय." ती मोरीतून आली, पदराला हात पुसत. "सारखं काहीतरी करत राहते. बसले की डोकं फिरतं."

पाच-सहा वर्षांची मुलगी दारामागून डोकावत होती. खिडकीतून रस्त्यापलीकडचा कट्टा दिसत होता. त्यावर पाणक्या बसला होता.

"रोज येऊन बसतो," ती खिडकीकडे पाठ करून म्हणाली. "बसू दे. या घराची पायरी तो चढणार नाही."

"तुमचा धाकटा भाऊ."

"मी वाढवलाय त्याला. आई आजारी असायची. माझ्या कडेवरच मोठा झाला. यांनाही किती आवडायचा! त्या विभागात गेले तेव्हा म्हणाले, बरं झालं, मेहुण्याच्या हाताखाली काम शिकेन." तिनं दारामागच्या मुलीकडे एकदा पाहिलं. "मला फक्त एक सांगा, बाई. तो विसरला, की त्यानं आळस केला? विसरला असेल तर... विसरतं माणूस. पण आळसानं त्यानं यांना मारलं असेल, तर मला भाऊ नाही. कायमचा."

"मला थोडा वेळ द्या," बाई म्हणाल्या.

"मामा वर का येत नाही?" मुलीनं विचारलं.

आईनं तिला हाताला धरून आत नेलं. जिना उतरताना बाईंना वाटलं, आपल्या कानावरून आत्ताच काहीतरी गेलं आणि आपण ते पकडलं नाही. माळी काहीतरी म्हणाला होता. ही बाईही काहीतरी म्हणाली होती. काय बरं?

५

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या बॉयलरच्या विभागात गेल्या. फिटरनं आयुष्याचा मोठा भाग तिथे काढला होता. बॉयलरवाला जाडजूड आणि बोलका होता, पण त्या दिवशी जपून बोलत होता.

"सोन्यासारखा माणूस, साहेब... म्हणजे बाई. आमच्याकडे सगळ्यांनाच साहेब म्हणायची खोड आहे. परवा टपाल द्यायला आलेल्या पोरालाही मी साहेब म्हटलं."

"फिटरलाही तीच खोड होती?"

"तो तर कुत्र्यालाही साहेब म्हणायचा!" तो हसला.

तेवढ्यात त्याच्या मदतनिसानं लांबून हाक दिली, "पाणी सोडू का?"

"सोड!" बॉयलरवाला ओरडला. मदतनिसानं बॉयलरच्या तळाचा कॉक उघडला. वाफेचा फवारा सुटला आणि गढूळ, कढत पाणी गटारात धावलं.

"हे काय केलंत?" बाईंनी विचारलं.

"पाणी सोडलं. रोज सोडावं लागतं, तळाचा गाळ जातो. आमच्याकडे दिवस त्यानंच सुरू होतो."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. बॉयलरवाल्याला वाटलं, वाफेनं त्यांना चक्कर आली. तो स्टूल आणायला धावला. तो परत येईपर्यंत बाई निघूनही गेल्या होत्या.

हंड्यापाशी जाऊन त्यांनी चष्मा पुसला आणि तळाच्या कॉकपाशी डोकं नेलं. काजळी सगळीकडे सारखी बसली होती. फक्त कॉकच्या नळीवर, नळीच्या लांबीनं, एक बारीक स्वच्छ पट्टी होती. पितळी दांड्याएवढीच लांब आणि तेवढीच रुंद. त्यांनी आडवा दांडा हळूच उचलून पाहिला. त्याच्याखाली मात्र काजळी होती.

"सगळ्यांना बोलवा," त्यांनी मॅनेजरला सांगितलं. "फिटरच्या बायकोलासुद्धा."

६

सगळे हंड्याभोवती उभे राहिले. मॅनेजर, तात्या, आणि एकमेकांकडे न बघणारी ती दोन भावंडं.

बाईंनी खिशातून खडू काढला, मग परत ठेवला. "भिजलेल्या दगडावर वाटी पालथी घाला आणि वर राख उडवा. वाटी उचलली की खाली काय दिसतं?"

"वाटीएवढा स्वच्छ दगड," तात्या म्हणाला.

"इथे बघा. नळीवर दांड्याएवढी स्वच्छ जागा आहे, लांबीच्या दिशेनं. काजळी उडाली तेव्हा दांडा या बाजूला होता. म्हणजे स्फोटाच्या वेळी कॉक उघडा होता. आता तो बंद आहे आणि त्याच्याखाली काजळी आहे. म्हणजे स्फोटानंतर कोणीतरी तो बंद केला. तेव्हा पितळ तापलेलं असणार." त्या पाणक्याकडे वळल्या. "पट्टी सोडा."

तो हलला नाही.

"सोड," त्याची बहीण म्हणाली. स्फोटानंतर ती त्याच्याशी पहिल्यांदाच बोलत होती.

त्यानं पट्टी सोडली. तळव्यावर भाजल्याचा एकच सरळ, आडवा पट्टा होता. दांड्याएवढा.

"बघा!" मॅनेजर म्हणाला. "पुरावा लपवला यानं!"

"लपवला. पण कोणाचा?" बाई म्हणाल्या. "तात्या, फोनवरचा माणूस शेवटी काय म्हणाला ते पुन्हा सांगा. जसंच्या तसं."

"सोडलं, साहेब."

"पाणक्या तुम्हाला साहेब म्हणतो?"

तात्यानं पाणक्याकडे पाहिलं. "नाही," तो हळूच म्हणाला. "कधीच नाही. तात्याच म्हणतो. इथे साहेब फक्त..."

"फक्त बॉयलरकडून आलेला माणूस म्हणायचा. फोन फिटरनं घेतला होता. तुम्ही विचारलंत, हंड्याचं पाणी सोडलं का. तुमच्या विभागात त्याचा अर्थ काय?"

"हंड्यात पाणी घेतलं का. भरलं का."

"माळी आळ्यांत पाणी सोडतो, तसं. आणि बॉयलरवर?"

उत्तर फिटरच्या बायकोनं दिलं, अगदी हळू आवाजात. "काढून टाकायचं. टाकीचं सोडतो तसं."

"हंडा नुकताच धुतला होता. फिटरला वाटलं असणार, आतलं पाणी धुण्याचं आहे, ते काढलं की मेहुणा नवं भरेल. त्याला जसं सांगितलं, तसं त्यानं केलं. इमानानं केलं. आणि काम झाल्याचं कळवलंही."

तात्यानं स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. "म्हणजे मी... माझ्या तोंडानं..."

"तुम्ही भरायला सांगितलंत. त्यानं काढायला ऐकलं. दोघंही बरोबर बोलत होतात." बाई मॅनेजरकडे वळल्या. "चूक निराळी आहे. या हंड्याला काच आहे, पाण्यात रंग आहे, हे सगळं केवळ पाहण्यासाठी. पण मशाल पेटवायच्या आधी येऊन पाहायचं असा नियम इथे नाही. फोनवर विचारलं की भागतं. आणि नव्या माणसाला हंडा समजावून न सांगता तुम्ही इथे उभा केलात, कारण घाई होती. माझ्या अहवालात हे येईल. एका ओळीत बसणार नाही."

मॅनेजर गटाराकडे बघत राहिला.

"तुम्ही कुठे होतात?" बाईंनी पाणक्याला विचारलं.

"सांडपाण्याच्या टाकीच्या माथ्यावर. हंडा काचेच्या खुणेपर्यंत भरला, मग वरची झडप बघायला गेलो." त्याचा आवाज आता पाठ केलेला नव्हता. "आवाज झाला आणि धावलो. दाजींपाशी गेलो. ते गेले होते. मागे वळलो तर कॉक उघडा आणि जांभळं पाणी अजून ठिबकत होतं. मला काही फोनबिन माहीत नव्हतं. वाटलं, दाजींनीच चुकून उघडला. स्वतःच्या हातानं. हात आपोआप गेला आणि मी बंद केला."

"आणि दुसऱ्या दिवशी जबानी फिरवलीत."

"तात्या म्हणाले, पाणक्या फोनवर खोटं बोलला. म्हटलं, ठीक आहे. तसंच राहू दे."

त्याची बहीण त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. तिनं हात उगारला, आणि तो तसाच राहिला.

"मला विचारलंस? मी कोणत्या दुःखाला धरून जगायचं, हे तू ठरवणार? मी तुला शाप दिले रे. रोज दिले, त्या कट्ट्याकडे बघून!"

"ठाऊक आहे, ताई." तो खाली बघत म्हणाला. "दाजींवर राग आला असता तर तो कुणावर काढला असतास? ते नाहीत. मी होतो. समोर बसलेला होतो."

तिचा उगारलेला हात खाली आला आणि तिनं त्याची बाही घट्ट मुठीत पकडली. ती रडली नाही. तो मात्र रडला, लहानपणी तिच्या कडेवर रडत असेल तसा, आवाज करून.

७

आता त्या हंड्यावर मोठ्या अक्षरांत दोनच शब्द रंगवले आहेत. वरच्या नळाशी 'भरा' आणि तळाच्या कॉकशी 'काढा'. पाण्याबद्दल तिसरा शब्द त्या आवारात वापरायचा नाही, असं तात्यानंच ठरवलं. आणि मशाल पेटवायच्या आधी तो स्वतः जिना उतरून येतो, काचेसमोर उभा राहतो, जांभळी रेघ डोळ्यांनी पाहतो. गुडघे दुखतात तरी येतो. पाणक्या त्याच्या शेजारी उभा असतो.

अहवाल देऊन झाल्यावर बाई एकदा फिटरच्या घरी गेल्या. रस्त्यापलीकडचा कट्टा रिकामा होता. पाणक्या मोरीच्या उंबऱ्यावर बसला होता आणि बहीण त्याच्या तळव्यावरची जुनी पट्टी सोडवत होती. जखमेवर नवी कातडी धरत होती. बोटांवरचा जांभळा रंग मात्र अजून पुरता गेला नव्हता.

मुलगी दोन्ही हातांनी तांब्या धरून आली. "आई, मी मामाच्या हातावर पाणी सोडू?"

पाणक्यानं बहिणीकडे पाहिलं. बहिणीचे हात क्षणभर थांबले.

"घालू म्हण, बाळा," ती म्हणाली. "पाणी घालू का, असं विचार."

"पाणी घालू का, मामा?"

"घाल," तो म्हणाला, आणि हात पुढे केला.